सातव्या महिन्यात वाढलेला रक्तदाब आणि माहेरी जाण्याचा प्रश्न

गोरेगावकरीण (धागाकर्ती)

नमस्कार. माझे वय ३४ असून हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. सध्या एकोणतिसावा आठवडा चालू आहे. गेल्या सोमवारच्या तपासणीत माझा रक्तदाब १४४/९४ भरला. अर्धा तास बसवून पुन्हा मोजला तेव्हा तो १४०/९० होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून मोजला तेव्हा १४२/९२. दिवस जाण्याआधी आणि पहिल्या पाच महिन्यांत तो कायम ११०/७० च्या आसपास असे. लघवीत प्रथिने आढळलेली नाहीत, रक्ताचे अहवालही ठीक आहेत. डॉक्टरांनी रक्तदाब उतरवणाऱ्या लॅबेटालॉलच्या गोळ्या सुरू केल्या असून आठवड्यातून दोनदा रक्तदाब मोजायला सांगितले आहे.

त्रास म्हणाल तर मला काहीच होत नाही. गोरेगाव ते चर्चगेट असा रोजचा प्रवास करते, संध्याकाळी पावले सुजतात, पण ती सगळ्याच गरोदर बायकांची सुजतात असे ऐकून आहे. म्हणूनच हे दुखणे मनाला पटत नाही. अडचण अशी की पुढच्या महिन्यात ओटीभरण ठरले आहे आणि त्यानंतर मी बाळंतपणासाठी माहेरी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी, जाणार आहे. जिथे शस्त्रक्रिया होऊ शकते असे रुग्णालय गावापासून दीड तासावर आहे. डॉक्टर ‘जाऊ नका’ असे म्हणाल्या नाहीत. ‘तिथे आठवड्यातून दोनदा रक्तदाब कोण मोजणार, हे आधी ठरवा’ इतकेच म्हणाल्या. सासूबाईंनी माझ्या ताटातले मीठ बंद केले आहे. आईचे म्हणणे असे की गावची हवा लागली की रक्तदाब आपोआप उतरेल. जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मध्यरात्रीची लोकल

तपासणीला जाण्याआधी तुम्ही रेल्वेचा पूल चढून, घाईघाईने दवाखाना गाठला होता का? माझा रक्तदाब दवाखान्यात नेहमी जास्त भरत असे आणि घरी मोजला की नेहमीसारखा. मला वाटते, इतक्यात धास्ती घेऊ नये.

परळची डॉक्टर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहिलेले तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे धरूनच पुढचे वाचावे.

मध्यरात्रीची लोकल यांची शंका योग्य आहे, आणि म्हणूनच एका मोजणीवर निदान केले जात नाही. वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक, असा किमान चार तासांच्या अंतराने दोनदा भरला, तर त्याला गरोदरपणातील उच्च रक्तदाब म्हणतात. धागाकर्तीचा रक्तदाब विसाव्या आठवड्यापर्यंत नेहमीसारखा होता आणि नंतर दोन वेगवेगळ्या दिवशी वाढलेला भरला, तेव्हा तो जिना चढल्यामुळे वाढला असे म्हणून सोडून देता येणार नाही. १६०/११० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो तीव्र समजतात आणि तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते.

या रक्तदाबाच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली की आम्ही त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. परंतु पुष्कळ जणी ‘लघवी साफ आहे’ या एका वाक्यावर निश्चिंत होतात, ते बरोबर नाही. लघवीत प्रथिने नसतानाही रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या, यकृताच्या तपासण्या दुपटीने बिघडल्या, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढले, फुप्फुसांत पाणी साचले, किंवा गोळीने न थांबणारी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे काजवे चमकणे असे काही सुरू झाले, तरी ते प्रीएक्लॅम्प्सियाच असते. म्हणून रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात; एकदा ठीक आल्या म्हणजे पुढच्या आठवड्यात ठीक येतील असे नाही. रक्तदाब जितक्या लवकरच्या आठवड्यात वाढतो, तितकी तो प्रीएक्लॅम्प्सियाकडे झुकण्याची शक्यता अधिक असते, आणि एकोणतिसावा आठवडा हा लवकरचाच म्हणायचा.

आता मूळ कारणाविषयी. गर्भ रुजल्यावर वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी रोहिण्यांमध्ये शिरतात आणि त्यांना रुंद, सैल करतात, जेणेकरून पुढे वाढत्या बाळाला भरपूर रक्त मिळावे. काही स्त्रियांमध्ये हे काम अर्धवट राहते. रोहिण्या अरुंद राहतात, वारेला रक्त कमी पडते आणि मग ती वार आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडू लागते की त्यांनी साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते. त्यामुळे मूत्रपिंड, यकृत, मेंदू, डोळे असे सगळीकडे परिणाम दिसतात, वार वेळेआधी सुटून रक्तस्राव होऊ शकतो आणि बाळाची वाढ खुंटू शकते. म्हणजे बिघाड पहिल्या काही महिन्यांतला आणि तो कळतो सातव्या-आठव्या महिन्यात. पहिली खेप, जुळी, मधुमेह, मूत्रपिंडाचे दुखणे, स्थूलता, जास्त वय, आईला किंवा बहिणीला हाच त्रास झालेला असणे, यांपैकी काही असल्यास धोका वाढतो. तरीही यांतले काहीच नसलेल्या स्त्रियाही आमच्याकडे रोज येतात.

सासूबाईंच्या मिठाबद्दल. पापड, लोणचे, वेफर्स कमी खाणे केव्हाही चांगले, परंतु मीठ बंद केल्याने हा आजार थांबत नाही आणि अळणी जेवणाने गरोदर बाईचे जेवणच कमी होते. दिवसभर अंथरुणात पडून राहण्याचाही फायदा सिद्ध झालेला नाही. उपयोग होतो तो आहारात कॅल्शियम कमी पडत असल्यास त्याच्या गोळ्यांचा, ज्या सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रामच्या, दिवसातून दोन, अशा दिल्या जातात. त्या लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, दोन तासांचे अंतर ठेवावे. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना कमी मात्रेची ॲस्पिरिन बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू केली तर लाभ होतो, पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि आता एकोणतिसाव्या आठवड्यात नव्याने सुरू करून तो लाभ मिळत नाही.

दोन मुलींचा बाबा

‘त्रास म्हणाल तर काहीच होत नाही’ हे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो.

आमच्या थोरल्या मुलीच्या वेळी पत्नी सातव्या महिन्यात माहेरी, सातारा जिल्ह्यात, गेली. मुंबईत नाव घातलेल्या रुग्णालयाची फाइल आमच्या कपाटात राहिली, कारण ‘तिकडचे डॉक्टर तिकडची नवीन फाइल करतील’ असे आम्हाला वाटले. नवीन फाइलमध्ये अर्थातच जुना रक्तदाब नव्हता. तिकडे पहिल्यांदा १३८/८८ भरला, तेव्हा कोणालाही त्यात विशेष वाटले नाही. मुंबईच्या फाइलमध्ये त्याआधीचे १००/६० लिहिलेले होते, ते शेजारी ठेवले असते तर वाटले असते. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी होती. तेवढ्यात एका रात्री तिच्या पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली, कळ येऊ लागली. घरच्यांनी पित्त समजून कोकम सरबत दिले, नंतर आम्लपित्ताची गोळी दिली. सकाळी उलट्या सुरू झाल्या. तालुक्याच्या गावी रक्तदाब १७०/११० भरला आणि प्लेटलेट ६२ हजार निघाल्या. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा ‘हेल्प सिंड्रोम’ हा शब्द ऐकायला मिळाला. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृतावर ताण येतो आणि प्लेटलेट घसरतात, इतके मला नंतर समजले. नाव ऐकून मी क्षणभर ‘मदत’ असे काहीतरी समजलो होतो.

एकतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, वजन १२८० ग्रॅम. पुढचे सहा आठवडे नवजात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर गेले. पत्नीला पहिले काही दिवस दूधच आले नाही, तेव्हा दुसऱ्या मातांचे दान केलेले दूध बाळाला देता येते हे प्रथमच कळले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून अशी मातृदुग्धपेढी चालते, ही आशियातली पहिली, हे तर आम्हा मुंबईत जन्म गेलेल्यांनाही ठाऊक नव्हते. मुलगी आता शाळेत जाते आणि वर्गात सर्वांत जास्त बोलते. धाकटीच्या वेळी पत्नी माहेरी गेली नाही, सासूबाईच आमच्याकडे मुलुंडला येऊन राहिल्या. चूक कोणा एका डॉक्टरची होती असे मी म्हणत नाही. दोन गावांच्या मधल्या त्या तीन आठवड्यांत मोजणारे कोणीच नव्हते, एवढेच सांगतो.

शंकासुर

माफ करा, पण हल्ली प्रत्येकीलाच ‘बीपी वाढले’ असे सांगून आठव्या महिन्यात पोट फाडले जाते, अशी लोकांची तक्रार आहे आणि ती अगदीच निराधार नसावी. आमच्या आज्यांची दहा-दहा बाळंतपणे घरी झाली. रक्तदाबाच्या गोळ्या बाळाला अपाय करत नाहीत कशावरून?

परळची डॉक्टर

शंकासुर, आज्यांच्या पिढीत ज्या बाळंतपणात गेल्या, त्यांच्या नाती इथे लिहायला नाहीत. परंतु तुमच्या प्रश्नाचा अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दलचा भाग मी झटकून टाकत नाही.

आजाराचे मूळ वारेत असल्यामुळे वार बाहेर येणे हाच त्यावरचा उपाय आहे. गोळ्या आजार बरा करत नाहीत, त्या आईला मेंदूतील रक्तस्रावापासून वाचवतात आणि बाळाला पोटात आणखी दिवस मिळवून देतात. रक्तदाब आटोक्यात असेल आणि दुसरी कोणतीही गंभीर खूण नसेल, तर साधारणपणे ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर प्रसूती करावी असे मानतात. गंभीर खुणा असल्यास ३४ व्या आठवड्यानंतर थांबत नाहीत, आणि आईचा जीवच धोक्यात असेल तर त्याआधीही करावी लागते. वेळेआधी प्रसूती होणार असे दिसले की बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. आणि ‘प्रसूती करणे’ म्हणजे पोट फाडणे नव्हे. कळा आणून नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न पुष्कळदा करता येतो. तुमच्या बाबतीत शस्त्रक्रियाच का, हे विचारण्याचा प्रत्येक स्त्रीला हक्क आहे आणि तिने तो वापरावा.

गोळ्यांबद्दल म्हणाल तर लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा या तिन्हींचा गरोदरपणातला अनुभव मोठा आहे. तीव्र रक्तदाब असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये तोंडाने घ्यायच्या या तीन औषधांची तुलना करणारा अभ्यास नागपूरच्या दोन सार्वजनिक रुग्णालयांतच झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्हींनी बहुसंख्य स्त्रियांचा रक्तदाब खाली आला. उलट टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या घरोघरी सापडणाऱ्या गोळ्या गरोदरपणात वर्ज्य आहेत, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. सासऱ्यांच्या डबीतली रक्तदाबाची गोळी सुनेला देणारी घरे मी पाहिली आहेत. कृपया तसे करू नये.

शुभ्रगणवेश

मी प्रसूतिकक्षात एकोणीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. डॉक्टरांनी सांगितले त्यात थोडी कामाची भर घालते.

घरी यंत्र घेणार असाल तर मनगटावरचे घेऊ नये, दंडावर बांधायचे घ्यावे आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा जास्त येतो. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ खुर्चीला टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलू नये. कुशीवर झोपून वरच्या हातावर मोजला तर तो खोटा कमी भरतो; ‘बघा, उतरला’ असे समाधान करून घेणाऱ्या नातेवाइकांना मी हे रोज सांगत असे. नवे यंत्र एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून घ्यावे आणि आकडे तारखेसह, वेळेसह वहीत लिहावेत.

या आजारात आकडी येते तिला एक्लॅम्प्सिया म्हणतात. ती अडवण्यासाठी आणि आल्यावर थांबवण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे औषध वापरतात. ते अगदी जुने आणि स्वस्त आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत त्याने आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाला. आमच्याकडे सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी भारतीय स्त्रियांच्या कमी वजनाचा विचार करून कमी मात्रेची पद्धत मांडली, ती आमच्या वरिष्ठ आम्हाला अभिमानाने सांगत. इंजेक्शन स्नायूत दिले तर फार दुखते, शिरेतून देताना अंगात आग झाल्यासारखे वाटते. ते अपेक्षित असते, घाबरू नये. परिचारिका वारंवार गुडघ्यावर हातोडी मारून पाहते, श्वास मोजते, लघवी किती झाली ते लिहिते, कारण औषध शरीरात जास्त झाले की आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो. एका आजेसासूबाईंनी ‘पोरीला हातोडीने काय मारता’ म्हणून मला चांगलेच फैलावर घेतले होते.

घरी कोणाला आकडी आलीच तर डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही घालू नये आणि १०८ वर फोन करावा.

गिरगावच्या काकू

मी सत्तरी ओलांडलेली आहे आणि मीठ बंद करणाऱ्या सासवांपैकीच एक आहे, तेव्हा माझे बोलणे मोकळेपणाने घ्यावे.

सगळे जण बाळंतपण होईपर्यंतचे बोलत आहेत. माझ्या नणंदेचे बाळंतपण आमच्या चाळीजवळच्याच एका रुग्णालयात सुखरूप झाले. घरी आल्यावर चौथ्या दिवसापासून तिचे डोके दुखू लागले. ‘बाळंतिणीला वारा लागला’ असे आम्ही सगळ्या म्हणालो. कानाला फडके घट्ट बांधले, कपाळाला सुंठ उगाळून लावली, खिडक्या लावून घेतल्या. तिला अंधुक दिसू लागले, तेव्हा ‘जागरण होते’ म्हटले. पाचव्या दिवशी दुपारी बाळाला पाजत असताना तिला आकडी आली. ती वाचली, देवाची कृपा आणि डॉक्टरांची. पण बारा दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. बाळंतपण झाल्यावर हे दुखणे येते, हे आम्हाला तोवर कोणीही सांगितले नव्हते, की सांगितले होते आणि आम्ही ऐकले नाही, ते आता आठवत नाही. मला अजूनही घरात सुंठेचा वास आला की ते फडके आठवते.

परळची डॉक्टर

काकू, तुम्ही लिहिलेत ते माझ्याकडून राहिलेच होते. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाळंतीण घरी गेलेली असते. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत हा धोका असतो, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याच्याही थोडे पुढे. ज्यांचा रक्तदाब गरोदरपणात वाढला होता त्यांनी तिसऱ्या दिवसापर्यंत आणि पुन्हा सातव्या ते दहाव्या दिवशी तो मोजून घ्यावाच. सुटी मिळताना दिलेल्या गोळ्या ‘आता बाळ झाले’ म्हणून बंद करू नयेत. अंगावर पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या गोळ्या असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीत भूल दिलेली असेल तर त्यामुळेही डोके दुखते. ते बहुधा उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. परंतु यांतला फरक घरी ठरवत बसू नये, आधी रक्तदाब मोजावा.

आता माहेरचे. मी माझ्या रुग्णांना माहेरी जाऊ नका असे सरसकट सांगत नाही. पहिल्या बाळंतपणात आई जवळ असण्याचे मोल मला कळते. मात्र तुमचा रक्तदाब वाढलेला आहे, गोळी चालू आहे, बाळाच्या वाढीसाठी सोनोग्राफी आणि रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी पुन्हा पुन्हा लागेल, रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता विभाग हाताशी हवा, आणि तुमच्या गावापासून शस्त्रक्रियागृह दीड तास दूर आहे. वार सुटून रक्तस्राव सुरू झाला तर तो दीड तास फार मोठा असतो. माझ्या मते तुम्ही मुंबईत थांबावे. खासगी खर्च झेपत नसेल तर महानगरपालिकेची प्रसूतिगृहे अशा रुग्णांना केईएम, नायर, शीव, कूपर अशा मोठ्या रुग्णालयांकडे पाठवतात, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर तज्ज्ञांकडून विनामूल्य तपासणी होते. तिथे जोखमीच्या गरोदर स्त्रीच्या कार्डावर लाल खूण लावतात. ती लागली म्हणून कोणी रडू नये. रात्री दोन वाजता गर्दीच्या कक्षात तीच खूण पाहून तुम्हाला आधी घेतात.

गोरेगावकरीण (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले.

काकूंचा प्रतिसाद मी आई आणि सासूबाई अशा दोघींना फोनवर वाचून दाखवला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिच्या चुलत बहिणीचेही असेच झाले होते, पण ती वाचली नव्हती, आणि घरात त्याला ‘बाहेरचे’ म्हणत आले. माहेरी जाणे रद्द झाले आहे. भाताची कापणी वडिलांवर सोपवून आई गोरेगावला आली आहे. ओटीभरण घरातच, चार बायकांत झाले. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने मिठाचे जेवण वाढले, मात्र पापड तळले नाहीत.

एकतिसाव्या आठवड्यात एका रविवारी घरच्या यंत्रावर १५६/१०२ भरला. पंधरा मिनिटांनी मोजला तरी १५४/१००. तेव्हाही मला काहीच होत नव्हते. बोटातली अंगठी मात्र सकाळपासून निघत नव्हती. रुग्णालयात दाखल करून घेतले. लघवीत प्रथिने निघाली, प्लेटलेट ठीक होत्या, बाळाचे वजन थोडे मागे आहे. गोळीची मात्रा वाढवली, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने दिली आणि पाच दिवसांनी घरी सोडले. आता दिवसातून तीनदा मोजते, आठवड्यातून दोनदा तपासणी असते, कामावरून रजा घेतली आहे. ३४ आठवडे गाठायचे, मग ३५, असे डॉक्टर म्हणतात. आज ३२ पूर्ण झाले.

एक विचारायचे राहिले. हे सारे झाल्यावर रक्तदाबाची वही किती दिवस चालू ठेवायची?

परळची डॉक्टर

सहा आठवडे तर नक्कीच, आणि तेव्हाही रक्तदाब उतरलेला नसेल तर फिजिशियनकडे जावे. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, म्हणून त्यानंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि वजन पाहून घ्यावे, आणि चाळिशीत कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे बाळंतपण आवर्जून सांगावे. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तर पहिल्या भेटीतच ही वही दाखवावी, कारण ॲस्पिरिनची वेळ तेव्हाच असते.

दोन मुलींचा बाबा

आणि फाइल कपाटात ठेवू नका. दाराजवळच्या पिशवीत ठेवा.

गोरेगावकरीण (धागाकर्ती)

पिशवी दाराजवळच आहे. आत्ताचा रक्तदाब १३६/८६.